कालव्यातलं पाणी

"आता उजवीकडे बघा. पाण्यावर ऊन कसं नाचतंय! आणि ती हंसांची जोडी, अगदी वेळेवर हजर."

गाईडमास्तरांनी हात केला आणि वीस-बावीस माना उजवीकडे वळल्या. कालव्यात थेंबभर पाणी नव्हतं. नुसता काळा चिखल, त्यात रुतलेली एक मोडकी खुर्ची, आणि खुर्चीवर दोन कावळे.

मग सगळी मंडळी खो खो हसली.

"नमुनाच आहे हो हा गाईड," काठी टेकत चालणारी आजी म्हणाली. "चेहरा बघा कसा ठेवलाय!"

सगळ्यात मागे, गवती टोपी कपाळावर ओढून उभी असलेली बाई मात्र हसली नाही. ती गाईडमास्तरांची बायको. दिवसभर लोकांचे उसवलेले कपडे शिवायची, म्हणून गल्लीत तिला सुईबाई म्हणत. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचे सगळे विनोद तिनं ऐकले होते. विनोद करताना त्यांची डावी भुवई वर जायची. आत्ता ती जागची हलली नव्हती. उलट लोक हसले तेव्हा ते दचकले, आणि कसनुसं हसून घाईनं पुढे चालायला लागले.

सुईबाईनं टोपी वर सरकवून त्यांच्याकडे निरखून बघितलं.

खरं तर आज ती गंमत करायला आली होती. शिवणाच्या दुकानात रंगकाम निघालं म्हणून तिला सुट्टी मिळाली. ही फेरी ती अकरा वर्षं जेवताना ऐकत आली होती. जुन्या बागेच्या फाटकातून निघायचं, काचघर, गाण्याचा चौथरा, दगडी पूल, मग कालव्याकाठानं वळसा घालून पुन्हा त्याच फाटकाशी. स्वतः कधी केली नव्हती. एका गिऱ्हाइकानं न नेलेली टोपी डोक्यावर चढवून, तिकीट काढून ती घोळक्यात मिसळली. शेवटी एखादा बावळट प्रश्न विचारून त्यांची फजिती करायची, असा बेत होता. बागेत ती दोनदा त्यांच्या अगदी नाकासमोरून गेली. त्यांनी ओळखलं नाही, तेव्हा टोपीची करामत म्हणून ती मनात खुदखुदली होती.

टोपीची कसली करामत!

एकेक गोष्ट तिच्या अंगावर चालून आली. साखरेचा डबा वीतभर सरकवला म्हणून परवा केवढे चिडले. चहा ओतताना कपात बोट घालायचे, "गरम आहे का बघतो." वर्तमानपत्र बंद केलं, "रोज तेच ते." रोज संध्याकाळी तिच्या सुईत दोरा ओवून द्यायचे, तेही सोडलं, "हात थरथरतो गं." त्यांच्या कार्यालयाचं पत्र चार दिवस कोटाच्या खिशात होतं. तिनं विचारलं तर म्हणाले, "काही नाही, नेहमीचंच." कालवा उपसणार असल्याचंच असणार ते. आणि जिना चढताना ओठ हलायचे. उतारवयात का होईना, देवाचं नाव घ्यायला लागले म्हणून तिनं किती समाधान मानलं होतं. दिव्यापुढे हात जोडून तसं सांगितलंही होतं.

ते पायऱ्या मोजत होते.

आत्ताही ओठ हलत होते. पुढे कालव्याचे जुने लाकडी दरवाजे होते. एरवी त्यांच्या फटींतून पाणी कोसळायचं, आवाज पार बागेपर्यंत जायचा. तिथेच वाट डावीकडे वळते. आज दरवाजे सताड उघडे आणि मुके. गाईडमास्तरांची पावलं मंदावली. त्यांनी मान तिरकी करून कान लावला. ओठ थांबले, पुन्हा पहिल्यापासून हलले. त्या हसण्यात पावलांचा आकडा हुकला होता.

आणि ते वळले नाहीत. सरळ निघाले. समोर दुरुस्तीसाठी कठडा काढून ठेवलेला, दोन खांबांना बांधलेली नुसती पिवळी पट्टी, आणि पलीकडे कालव्यात उतरणारी दोन पुरुष खोल दगडी भिंत. घोळका निवांत मागून येत होता. वाट दाखवणाऱ्याच्या पायाकडे कोण बघतं?

"अहो, थांबा!" तिचा आवाज चिरकला. "थांबा तिथेच! माझा... माझा पाय मुरगळला!"

आणि तिनं भर वाटेत बसकण मारली.

गाईडमास्तर एका पायावर थिजले. हा आवाज त्यांना झोपेतही ओळखू आला असता. चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"अगं बाई, लागलं का?" आजी ओरडली. "गाईड, बघताय काय असे? धरा की तिला!"

ते वळले, दोन्ही हात पुढे करून आले, आणि त्यांनी हवा धरली. कुणाच्या लक्षात यायच्या आत सुईबाई लंगडत उठली आणि तिनं आपलं कोपर त्यांच्या पंजात दिलं.

"माझ्या डावीकडे," ती पुटपुटली. "हळू. मागे तुमच्या खड्डा आहे."

"तू इथे काय करतेयस?"

"आधी चाला. किती दिवस झाले?"

"दीड वर्ष." ते ओठ न हलवता बोलत होते. "डावा आधी गेला. उजव्याला नुसता उजेड-अंधार."

"दीड वर्ष! एका घरात, एका ताटाशी बसून?"

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस इथे?"

"नसतं."

"मग!"

"काय हो गाईड," मागून आजीनं टोमणा मारला, "कानात काय कुजबुजताय तिच्या? लग्न झालंय ना तुमचं?"

"झालंय," दोघं एकदमच म्हणाले. घोळका पुन्हा हसला.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी खरंच नाही?"

"थेंब नाही."

"हंस?"

"कावळे."

मघाचं हसणं त्यांना आत्ता कळलं होतं. "आणखी काय दिसतंय?"

तिनं सांगितलं. गंजकी किटली, बाबागाडीचं चाक, बाटल्याच बाटल्या, आणि एक गमबूट, चिखलात ताठ उभा. ते मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, शहरानं इतकी वर्षं काय काय लपवलं ते आज बघून घ्या. तो गमबूट बघा, मालकाची वाट बघत अजून उभा आहे!" लोकांनी माना डोलावल्या. फोटो काढले.

सुईबाईनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. किती सफाईनं! याच सफाईनं रोज जेवताना सांगायचे, आज काचघरात लाल फूल उमललं, आज पुलावर धुकं होतं. ती हातातला घास तसाच धरून ऐकायची.

"सांगा त्यांना," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही ती पट्टी ओलांडली असती, तर मागून ही म्हातारी आली असती. काठी टेकत."

फाटकापर्यंत तिच्या कोपरावरची त्यांची पकड घट्ट होत गेली.

फाटकाशी मंडळी टाळ्या वाजवायला लागली, तेव्हा त्यांनी हात वर केला. "थांबा. मघाशी हंस दाखवले, तो विनोद नव्हता. कालवा कोरडा आहे हे मला दिसलं नाही. मला काहीच दिसत नाही. तुम्हाला अशा वाटेनं नेलं, माझं चुकलं. आजपासून ही फेरी मी घेणार नाही."

टाळ्या हवेतच राहिल्या. आजीनं तोंडावर हात नेला. तिची काठी खाली पडली, ती उचलायचं कुणाला सुचलं नाही. मग एकेक जण त्यांच्याकडे वळून वळून बघत निघून गेला.

गाईडमास्तरांनी छातीवरचा बिल्ला काढून खिशात टाकला. सुईबाई बाकावर बसली होती.

"चल," ते म्हणाले. "घरी जाऊन काय बोलायचं ते बोल."

तिनं उठायचा प्रयत्न केला. पुन्हा बाकावर टेकली. दोन पुरुष खोल ती भिंत डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"थांबा जरा. मला खरंच उठता येत नाहीये."

त्यांनी हात पुढे केला. बाकाच्या भलत्याच टोकाला. ती बसल्या बसल्या तिकडे सरकली आणि तिनं तो धरला.