आगाऊ ठोका

दवाखान्यात अननस न्यायचा नसतो हे मला अडुसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? ग्वानम्याव गावात देवळासमोर उभा जन्म मी अननसच विकत आले. आमच्या बोलीत अननसाला ओंगलाई म्हणतात, आणि 'भरभरून येवो' म्हणायला गेलं तरी तोंडातून तेच निघतं. म्हणून नवीन दुकान उघडलं की लोक अननस नेतात, देवापुढे अननस ठेवतात, दाराला लाल कागदाचा अननस टांगतात. तेव्हा ताइनान शहरातल्या मोठ्या दवाखान्यात भरती व्हायला निघताना मी नर्स मुलींसाठी चांगले दोन अननस टिचकी मारून, आवाज ऐकून निवडून घेतले, तर माझं काय चुकलं?

पिशवी टेबलावर ठेवली मात्र, पेई-शान नावाची नर्स साप बघितल्यासारखी मागे सरकली. म्हणाली, आजी, आधी ते बाहेर. मग तिनेच हळू आवाजात समजावलं, की वॉर्डात ओंगलाई आला की पेशंटांची रीघ लागते, कुणाला पाठ टेकायला मिळत नाही. डॉक्टरसुद्धा ड्यूटीवर अननसाला हात लावत नाहीत म्हणे. एवढी शिकलेली माणसं, आणि ही तऱ्हा. माझा पारा चढला. माझ्या दाराला तीन वर्षं ओंगलाई टांगलाय, तिकडे कुत्रं फिरकत नाही, आणि यांच्याकडे म्हणे रीघ लागणार. पण दुसऱ्याच्या दारात भांडायचं कशाला, म्हणून पिशवी मुकाट्याने खाली वॉचमनच्या खोलीत पाठवली.

आमचे हे गेले, त्यानंतर कधीतरी हे दुखणं लागलं. दुखत काही नव्हतं. छातीत मधेच एक गोता बसायचा, क्षणभर सगळं बंद, आणि मग आतून असा दणका, की घास हातातच राहायचा. डॉक्टर त्सेंगनी अंगाला तारा चिकटवून दिवसभराचं मोजमाप घेतलं. म्हणाले, हृदयात एका जागी एक खोडकर कोपरा आहे, तो आपली पाळी यायच्या आधीच ठोका देतो. आगाऊ ठोका. मी म्हटलं, आगाऊच मेला. ते हसले, पण पुढचं हसून नाही सांगितलं. असा एखादा ठोका कुणालाही येतो, त्याचं काही नाही. पण तुमच्या दर चार ठोक्यांत एक आगाऊ आहे, त्यानं हृदय दमलंय, सैल पडायला लागलंय. असंच चाललं तर वर्षा-दोन वर्षांत जिना चढता येणार नाही.

गोळ्या घेऊन झाल्या होत्या, गुण शून्य. आता मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची, तो कोपरा शोधायचा आणि तेवढाच भाजून टाकायचा. छाती उघडायची नाही, भूल देऊन झोपवायचं नाही. अट एकच, चोर रंगेहाथ सापडला पाहिजे. आगाऊ ठोके येत असतील तरच कोपरा कळतो. म्हणून त्यांनी विचारलं होतं, जास्त कधी येतात? मी म्हटलं, कधीही.

कधी येतात ते मला पक्कं ठाऊक होतं. पण ते काय चारचौघांत सांगायचं असतं?

माझा मुलगा बुन-खाई दूर शिंचूला कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात आहे. सकाळच्या गाडीनं येतोच आई, म्हणाला होता. सकाळी गाडीऐवजी फोन आला, कारखान्यात कसलंसं यंत्र बंद पडलंय. मी म्हटलं, सांभाळ बाबा, तू इकडे आलास आणि कारखाना पळून गेला तर काय घ्या. त्याला टोमणा कळला नाही. "बरं आई," म्हणाला. संमतीच्या कागदावर मीच सही केली.

आत नेलं तर थंडी अशी, की दात वाजायला लागले. पण खरं सांगू? मला बरं वाटलं. पाच-सहा माणसं, सगळी माझ्याभोवती. एक पाठीला पट्ट्या चिकटवतोय, एक पांघरूण सारखं करतोय, पेई-शान माझा हात धरून उशाशी उभी. मांडीत सुई टोचली तेवढंच काय ते कळलं. तिनं विचारलं, आजी, गोड अननस कसा ओळखायचा? मग मी सुरूच झाले. टिचकी मारायची, ढोलासारखा पोकळ वाजला तर ठेवून द्यायचा, मऊ मांसल वाजला तर रसाळ. यंत्रापाशी बसलेला पोरगेला डॉक्टर म्हणाला, म्हणजे आजी आमच्याच धंद्यातल्या. सगळे हसले. मीही हसले. इतकं कधी हसले होते, आठवत नाही.

आणि ठोके? एक नाही. पडद्यावर सगळे सैनिकांसारखे रांगेत.

डॉक्टर त्सेंगनी वाट पाहिली. मग शिरेतून औषध सोडलं, काळीज नुसतं धावत सुटलं, पण शिस्त काही मोडली नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, आता त्यांचा ओंगलाईच आणा. थट्टाच ती, पण एक जण खरंच खाली जाऊन पिशवी घेऊन आला आणि काचेपलीकडच्या खोलीत यंत्राशेजारी ते दोन अननस मांडले. ज्यांना तो वॉर्डात नको होता, तेच आता त्याला हात जोडत होते. काचेतून ते बघून मला इतकं हसू आलं, की डॉक्टर ओरडले, हलू नका. आगाऊ ठोक्यांनी मात्र तोंड वर काढलं नाही.

शेवटी डॉक्टर माझ्या उशाशी आले. म्हणाले, आजी, अंधारात भाजायचं नसतं. आणखी थोडा वेळ बघू, नाहीतर तार काढून घेऊ.

म्हणजे पुन्हा घर, आणि तेच. आणि मग जिना नाही. माझी झोपायची खोली वर आहे, देवघर वर आहे, यांचा फोटो वर आहे. मी छताकडे बघत राहिले. लाज वाटत होती, पण मी तोंड उघडलं.

"डॉक्टर, तुम्ही सगळे आहात ना इथे, म्हणून येत नाहीयेत."

"म्हणजे?"

"घरात एकटी असले की येतात, आणि संध्याकाळी जेवायला बसते तेव्हा तर हमखास. दोन वाट्या घेतल्या जातात हातून, सवयीनं. मग एक परत ठेवायला उठते, तेव्हा. कुणी बोलायला असलं की नाही येत. सगळ्यांना बाहेर जायला सांगा."

पेई-शानचा हात माझ्या हातात होता, तो तिनं एकदम सोडला नाही, सावकाश सोडला. डॉक्टरांनी औषध बंद करायला सांगितलं. एकेक जण काचेमागे गेला, दिवे मंद केले. डॉक्टर तेवढे तार धरून पायाकडे राहिले, पण मला दिसणार नाहीत असे, आणि अगदी गप्प.

मी डोळे मिटले. कारलं-अननस घालून केलेलं कोंबडीचं सूप, दोघांना पुरेल एवढं, कारण कमी करायचा हात अजून बसलेला नाही. ओटा. फळीवरून काढलेल्या दोन वाट्या. ह्यांची निळ्या काठाची, कडेला टवका उडालेली. मी ती परत ठेवायला उठते.

गोता बसला. मग दणका. मग आणखी एक, आणि लागोपाठ, पार गळ्यापर्यंत.

"आले," काचेमागून आवाज आला. "आले, भरपूर आले."

छातीत खोल कुठंतरी गरम वाटलं, इस्त्री जवळून गेल्यासारखं. ठोके एकदम दाटीवाटीनं आले आणि थांबले. माझ्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. पेई-शाननं येऊन विचारलं, दुखतंय का आजी? मी म्हटलं, नाही गं पोरी. बराच वेळ सगळ्यांनी वाट पाहिली, औषध पुन्हा सोडून पाहिलं, पण ते परत आले नाहीत. ड्यूटी विसरून अननस त्यांनी काचेपलीकडेच कापून खाल्ले, मला मात्र पाय सरळ ठेवून पडून राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी निघताना मी सवयीनं म्हटलं, "येते हं." पेई-शाननं लगेच माझ्या दंडावर चापटी मारली. "आजी, दवाखान्यातून निघताना येते म्हणायचं नसतं. जाते म्हणा. परत कधी येऊ नका." बाकीच्या मुलींनीही दारापर्यंत येऊन मायेनं तेच सांगितलं, परत येऊ नका, परत येऊ नका. मी जाते म्हटलं.

त्या संध्याकाळी दोन वाट्या काढल्या, एक परत ठेवली आणि मनगटावर बोट ठेवून बसले. नाडी सरळ चालली होती. खरं सांगते, मी वाट बघत होते. तो दणका नकोसा होता, पण आतून कुणीतरी दार वाजवत तरी होतं. सूप गार झालं.

पुढच्या महिन्यात पुन्हा तारा चिकटवून मोजमाप झालं. डॉक्टर त्सेंगनी ते पाहिलं आणि खुशीत विचारलं, "काय आजी, आता येतं का कुणी?"

"नाही हो," मी म्हटलं. "आता कुणीच येत नाही."

"छान," डॉक्टर म्हणाले. "मग आता तुम्हालाही इथे यायचं कारण नाही."