कपाळाचं तेल, दाढीचं तेल

रोदांथीने बाटलीचं बूच काढलं आणि नाक मागे घेतलं.

बाटली तिचीच होती. निळी काच, गळ्याला तिनेच बांधलेला लाल दोरा. पण आतून बदामाचा वास येत नव्हता, जळक्या वातीचा येत होता. तिने एक थेंब मनगटावर घेतला. तेल काळपट, चिकट, आणि त्यात काजळीचे बारीक कण.

समोर खुर्चीत नवरदेव कनाकिस डोळे मिटून बसला होता. तोंडावर गरम टॉवेल, खांद्यांवर पांढरं कापड. भोवती तीस-पस्तीस माणसं आणि कोपऱ्यात मांडीवर सारंगीसारखी लिरा उभी धरून बसलेला वाजवणारा. गावात लग्नाच्या सकाळी नवरदेवाची दाढी अशीच होते, सगळ्यांच्या देखत. आणि त्या दाढीत रक्ताचा एक थेंब जरी आला तरी म्हातारी माणसं संसाराला गालबोट लागलं म्हणून वर्षभर कुजबुजतात.

ही दाढीही साधी नव्हती. तीन वर्षांपूर्वी कनाकिसचे वडील, लेफ्तेरिस काका, सकाळची कॉफी पिता पिता गेले. तेव्हापासून सुतकाची म्हणून वाढवलेली दाढी होती ती, घोड्याच्या शेपटीसारखी राठ. उतरवायची होती रोदांथीच्या बाबांनी, गावच्या पांतेलिस न्हाव्याने. पण गेल्याच आठवड्यात पांतेलिस न्हावी शिडीवरून पडला, उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं, आणि आज भरल्या घरात त्याने शांतपणे सांगितलं, "दाढी रोदांथी करील."

सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने बकरी दाढी करील असं सांगितलं होतं.

"शाळेत जाणारी पोर ती," कनाकिसचे थोरले काका मारिनोस म्हणाले होते. "पुरुषाच्या गळ्यावर वस्तरा धरणार?"

"काका, गळा माझा आहे," कनाकिस म्हणाला होता. "तुमचा मागितला की बोला."

म्हणून ती इथे उभी होती. आज हात चुकला तर ती आयुष्यभर 'त्या लग्नातली पोरगी' राहणार होती आणि वस्तरा पुन्हा कधी हातात येणार नव्हता. तो हातात यावा म्हणूनच तर तिने सहा महिने बाबांच्या गालांवर तेलं तपासली होती. नुसतं एरंडेल फार घट्ट, नुसतं द्राक्षबियांचं फार पातळ. शेवटी बदामाच्या चार भागांना एरंडेलाचा एक भाग जमला: वस्तरा लोण्यावरून गेल्यासारखा जायचा. बाबा मात्र तीस वर्षं ऑलिव्हचंच तेल वापरत आले होते. त्यावरून घरात रोज जुंपायची. "बाबा, ते तेल सॅलडला घालतात," ती म्हणायची, "पात्याला चिकटून बसतं."

आणि आता तिचं तेलच गायब होतं.

"काकू," तिने कनाकिसच्या आईला हळूच विचारलं, "या बाटलीला कुणी हात लावला होता?"

"मीच," कालिरोई काकू सहज म्हणाल्या. "तुझं ते वासाचं पाणी कुंडीत ओतलं. त्यात दिव्यातलं भरलं. लेफ्तेरिसच्या फोटोसमोर तीन वर्षं जळतोय तो दिवा. बापाचा हात लागू दे पोराच्या तोंडाला."

हे तेल त्या राठ केसांवर चोळायचं म्हणजे वस्तरा अडखळणार, आणि काजळीचा एक कण पात्याखाली आला की संपलंच. पण नाही म्हणायचं कसं? समोर काकूंचे ओले डोळे, शेजारी मारिनोस काकांची तिरकी नजर. तिने बाबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे तुझं तू ठरव.

"काकू," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज इतका स्थिर ऐकून तिला नवल वाटलं, "दिव्याचं तेल कपाळाचं. लांब जाणाऱ्याच्या कपाळावर तुम्ही लावता ना क्रूस? हाही एका घरातून दुसऱ्या घरात निघालाय. तुम्हीच लावा."

काकूंनी बाटलीत बोट बुडवलं आणि मुलाच्या कपाळावर क्रूस काढला. कुणीतरी नाक ओढलं.

"आणि दाढीला काय लावणार?" मारिनोस काका. "थुंकी?"

"स्वयंपाकघरातलं ऑलिव्हचं तेल," रोदांथी म्हणाली. "यंदाचं, पहिल्या घाण्याचं. चमचाभर पुरे."

पांतेलिसची मिशी एकदा हलली. रात्री जेवताना तो यावर बोलणार होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दाढी तिने आधीच कात्रीने बारीक केली होती. आता टॉवेल बाजूला केला, तेल तळहातावर चोळून कोमट केलं. थेंब मोजून तीन या गालाला, तीन त्या गालाला, दोन हनुवटीखाली. केसांच्या उलट दिशेने बोटांच्या टोकांनी मुळापर्यंत जिरवलं. मग ती लिरावाल्याकडे वळली. "एक गाणं वाजवा. छोटं नको. तेल मुरायला तेवढा वेळ लागतो."

ही पद्धत बाबांचीच. गाणं संपून दुसरं सुरू झालं तेव्हा तिने वर साबणाचा फेस चढवला आणि वस्तरा उघडला.

एक हात ओढला की पातं गरम पाण्यात, मग पुसायचं, मग पुढचा हात. चिकटतंच ते तेल, तिचं म्हणणं खरं होतं. पण पुसत गेलं तर चालतंही, बाबांचं म्हणणंही खरं होतं. डावा गाल झाला. उजवा झाला. मिशी ठेवायची होती. तिला फेस तेवढा दिसत होता, माणूस दिसतच नव्हता.

मग तिने हनुवटीवरचा फेस काढला आणि ती पातं पुसायचंच विसरली.

हनुवटीच्या मधोमध खोल खळगी होती. ही खळगी ती ओळखत होती. लेफ्तेरिस काका शाळेची बस चालवायचे आणि ती रोज त्यांच्या मागच्या सीटवर बसायची. बसच्या आरशात दिसायची तीच हनुवटी, तीच मिशी, ओठाचा तोच डावा कोपरा. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या शवपेटीवर तिने फुलं ठेवली होती, ते खुर्चीत बसले होते.

लिरा मध्येच थांबली. म्हणजे फक्त तिलाच दिसलं होतं असं नव्हतं. मारिनोस काकांनी भिंतीला हात टेकला. काकू थाळी आणायला आत गेल्या होत्या; त्या यायच्या आत हे उरकायला हवं होतं. हनुवटीखालचा शेवटचा पट्टा उरला होता. तिने दात आवळून पातं टेकवलं.

मागे थाळी कोसळली. मधात घोळलेल्या तळलेल्या मिठाईचे तुकडे फरशीवर उडाले आणि कालिरोई काकूंच्या घशातून एकच शब्द आला, "लेफ्तेरिस."

कनाकिसने गर्रकन मान वळवली.

विचार करायला वेळच नव्हता. रोदांथीचा डावा अंगठा आपोआप पातं आणि गळा यांच्यामध्ये गेला. पांढऱ्या कापडावर लाल ठिपका पडला. मग दुसरा.

"रक्त," मारिनोस काका म्हणाले.

कनाकिसचा चेहरा पांढराफटक पडला. काकू जिथे उभ्या होत्या तिथेच खाली बसल्या.

"माझं आहे," रोदांथी म्हणाली आणि अंगठा वर धरला. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. "त्याला खरचटलंही नाही. या, बघा."

मारिनोस काका खरंच आले. चष्मा लावून त्यांनी पुतण्याचं तोंड खिडकीकडे वळवलं. गाल, हनुवटी, गळा, दोन्ही कानांमागे. बोटाने चाचपलं, मग उलट्या हाताने. भावाचा चेहरा ते इतक्या जवळून तीन वर्षांनी बघत होते.

"काही नाही," ते अखेर म्हणाले. "तान्ह्या पोरासारखं आहे."

"माझं काय झालंय?" कनाकिसने विचारलं. "सगळे असं काय बघताय?"

शेवटी त्याला आरसा दिला पांतेलिसने, डाव्या हाताने. मग दोन बोटांनी कनाकिसने हनुवटीच्या खळगीला हात लावला, जपून, दुसऱ्याच्या वस्तूला लावावा तसा.

"बाबांना बसवलंस की तू इथे," तो रोदांथीला म्हणाला.

काकू उठल्या त्या लेकाकडे गेल्याच नाहीत. निळी बाटली घेऊन त्या रोदांथीसमोर आल्या, तिचा अंगठा फडक्याने घट्ट बांधला आणि तिच्या कपाळावर काजळीच्या तेलाचा क्रूस काढला.

"शेवटचा पट्टा राहिलाय," रोदांथी म्हणाली. तिने वस्तरा पुन्हा गरम पाण्यात बुडवला.

"मग उरक," मारिनोस काका म्हणाले. "आणि तू रे, आता मान हलवलीस तर मी बांधून ठेवीन तुला."