स्टेजकडे वळलेली तोफ

मी जळकोटच्या ‘स्वप्ननगरी’ बागेतली बर्फाची तोफ बोलतेय. दचकू नका, मी कुणाचा जीव घेतलेला नाही. नळदुर्गच्या किल्ल्यावरच्या तोफांशी माझं नातंगोतंही नाही. माझ्या पोटात साबणाचं पाणी असतं आणि मागं पंखा. बटण दाबलं की फेस उडतो. त्याला इथं बर्फ म्हणतात. मीही म्हणते, इलाज नाही.

हायवेलगत चार पाळणे, दोन घसरगुंड्या आणि सिमेंटचा एक हत्ती एवढ्यावर रणधीररावांनी ही बाग उभी केली. नाताळच्या सुट्टीत दहा दिवस ‘बर्फ महोत्सव’ भरवायचं ठरलं, तेव्हा मला टेम्पोत घालून आणलं. एरवी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारे आसिफभाई माझे चालक झाले. पहिल्या वर्षी पार मुरुम, भूम या गावांहून माणसं आली. जाहिरातीत ‘काश्मीर’ म्हटलं होतं ना! पोरं भर दुपारी स्वेटर, कानटोपी घालून घामाघूम उभी होती. पहिला फेस अंगावर पडला तेव्हा त्यांनी जो कालवा केला, तो ऐकून मला जन्माला आल्याचं समाधान वाटलं.

घोटाळा दुसऱ्या वर्षी झाला. उद्घाटनाच्या पाहुण्यांच्या टोपीवर वाऱ्यानं थोडा बर्फ गेला आणि तो फोटो पेपरात छापून आला. झालं! तिसऱ्या वर्षी प्रत्येक पाहुण्याला डोक्यावर बर्फ हवा होता. रणधीररावांनी माझं तोंड स्टेजकडे वळवलं, नट आवळून घेतले आणि पाना ऑफिसच्या कपाटात ठेवला. शाल, श्रीफळ आणि बर्फ अशी सत्काराची पद्धतच पडली. सत्कार उरकेपर्यंत माझी टाकी रिकामी व्हायची. पोरं कोरडीच घरी जायची.

गेल्या वर्षी पोरं आलीच नाहीत. मग यंदा महोत्सव भरवायचा की मला विकून टाकायचं, यावर बैठक बसली. लोक का येत नाहीत? एक म्हणाले, मोबाइलमुळं. दुसरे म्हणाले, संस्कार राहिले नाहीत. तिसऱ्यांनी अभ्यास समिती सुचवली. मी तिथंच उभी होते, पण मला कोण विचारतंय!

बागेची झाडलोट करणाऱ्या कडूबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मालक, ह्या तोफंचं तोंड तेवढं पोरांकडं करा की. त्येंच्यासाठीच आणलीया न्हवं?”

रणधीरराव उठून उभे राहिले. “वा, कडूबाई! येवढी साधी गोष्ट आमाला सुचली न्हाय. तुमचा सत्कार झालाच पाहिजे!”

परवा रविवारी चाचणीचा कार्यक्रम झाला. पोरांना आवडलं तर महोत्सव, नाहीतर मी विक्रीला, असं ठरलं होतं. स्वेटर घातलेली अकरा पोरं आली. कडूबाईंना स्टेजवर बसवलं, शाल पांघरली, पाहुण्यांची तीन भाषणं झाली आणि बटण दाबायचा हुकूम सुटला. माझं तोंड अजून स्टेजकडेच होतं. पहिला फेस कडूबाईंच्या डोक्यावर.

“बंद करा, आसिफभाई!” त्या ओरडल्या. “माज्यावर कशाला? पुसायचं बी मलाच हाय!”

शालीनंच तोंड पुसत त्या तडक ऑफिसात गेल्या. झाडण्यासाठी किल्ल्या त्यांच्याकडेच असतात. पाना आणून त्यांनी आसिफभाईंच्या हातात ठेवला. नट सैल झाले.

“बिस्मिल्ला म्हणून लावा जोर, बाई,” आसिफभाई म्हणाले.

दोघांनी मला ढकललं. मान करकरली, पण वळली. कितीतरी दिवसांनी समोर पोरं दिसली. मला रडू येत होतं, पण माझ्या रडण्याचाही फेसच झाला असता.

बटण दाबलं गेलं. तेवढ्यात स्टेजवरचे पाहुणे आपापल्या खुर्च्या उचलून लगबगीनं खाली आले आणि पोरांच्या पुढं मांडून बसले. फोटोग्राफरही धावत आला. मागं अकरा कानटोप्या टाचा उंचावून बघत राहिल्या. टाकी संपली.

काल बैठकीत तो फोटो सगळ्यांनी निरखून पाहिला. त्यात एकही पोर दिसत नाही. म्हणून ‘मुलांचा प्रतिसाद नाही’ अशी नोंद झाली. फाटकावर ‘महोत्सवाचा निर्णय लवकरच’ असा फलक लागलाय, आणि माझ्या अंगावर ‘विकणे आहे’ अशी चिठ्ठी.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गावात पोरं असतील तर मला घेऊन चला. मी जुनी आहे, थोडी करकरते, पण काम चोख करीन. माझी एकच विनंती आहे. मी येईन तिथं स्टेज बांधू नका.