तारेवरची कुजबुज

मित्रांनो, ऐकण्यातच ज्याचा जन्म गेला, असा मी एक जुना लष्करी टेलिफोन आहे. अमेरिकेतल्या कारखान्यात घडलो आणि ब्राझीलच्या सैनिकांच्या हाती आलो. आमच्या कॉफीच्या देशाकडे थंडीचे धड कोटही नव्हते. तरी पंचवीस हजार माणसे जर्मनांशी लढायला समुद्र ओलांडून इटलीत उतरली. बंदुका परक्या, बूट परके, मीही परकाच. हिंमत तेवढी घरची.

१९४४ च्या डिसेंबरात मला डोंगरातल्या एका पडक्या गोठ्यात ठेवले. माझ्यापाशी एव्हाल्दो क्रेत्झर बसे. त्याचे आजोबा जर्मनीहून ब्राझीलच्या सांता कातारीना प्रांतात येऊन राहिले होते. घरात जर्मन बोलत. युद्ध लागले आणि सरकारने त्या भाषेवर बंदी घातली. सार्जंट अनीझियोला एव्हाल्दोचे जड उच्चार खटकत.

“काय रे, कुणाशी कुजबुजतोस?”

“तार तपासतोय, साहेब.”

“तपास. मी तुला तपासतोय.”

त्या दिवसांत आमची तुकडी निघाली, की नेमके तिच्याच वाटेवर तोफगोळे पडत. बातमी फुटत होती. एव्हाल्दोच्या शेजारी कोणी जेवायला बसेना.

खरे काय ते मला ठाऊक होते. शत्रूने आपली तार माझ्या तारेला जोडली होती. आमचे बोलणे थांबले, की बारीक जर्मन कुजबुज ऐकू येई. एव्हाल्दोनेही ती ऐकली. पण ‘मला कळते’ म्हणावे, तर फितूर ठरणार तोच! तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी, सगळ्या गोठ्याला हसवणारा जुरांदिर गोळा लागून गेला.

त्याला पुरून आल्यावर एव्हाल्दो सार्जंटसमोर उभा राहिला.

“साहेब, आपली तार शत्रू ऐकतोय. मी परवाच त्यांचं बोलणं ऐकलं.”

सार्जंटचा हात पिस्तुलावर गेला. “आणि तुला ते समजलं?”

“माझ्या आईची भाषा आहे ती.”

सार्जंटने पिस्तुलावरचा हात काढला. मग त्याने मला उचलले आणि मोठ्याने खोटेच सांगितले, “तुकडी दुपारी तीन वाजता अक्रोडाच्या बागेतून जाईल.” बागेत कोणालाही धाडले नाही. तीनच्या ठोक्याला तिथली झाडे मुळासकट उडाली.

संध्याकाळपर्यंत शत्रूची तार सापडली, कापलीही गेली. सार्जंट परत आला तो चिडलेलाच.

“दोन दिवस का गप्प होतास, लेका? जुरांदिर वाचला असता!”

“मी बोललो असतो, तर तुम्ही ऐकलं असतं?”

सार्जंट एव्हाल्दोच्या शेजारी बसला, खिशातून कागद काढला आणि म्हणाला, “जुरांदिरच्या आईला आपण दोघं मिळून लिहू.”

आज मी माजी सैनिकांच्या सभागृहात धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, मला पुसा, माझा दांडा फिरवून बघा, मला बरे वाटेल. पण तुमच्यातला कोणी बोलायला घाबरत असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. ते पत्र लिहून व्हायला सकाळ झाली होती.