अठरावा उंबरठा

जपानमधल्या कुरोने बेटावर सपाट जमीन म्हणाल तर एका वाडीपुरती. बाकी सगळा डोंगर, त्यावर एक देऊळ, आणि पूर्वेला उघडं बंदर. समुद्र पूर्वी दोनदा गावात शिरला होता. दोन्ही वेळा लोक डोंगरावर राहायला गेले आणि नातवंडांच्या काळात पुन्हा खाली उतरले. उतरतील नाही तर काय करतील? होड्या खाली, पोट खाली. २०११ साली तिसऱ्यांदा पाणी आलं आणि अठरा घरांची नुसती जोती उरली.

तीन वर्षांनी राजधानीतल्या तोयोसु भागातल्या एका कंपनीतर्फे कौमुदी जुन्या गावाचा नकाशा करायला आली. सोमवारपासून जोत्यांवर दहा फूट भराव पडणार होता. कुठलं घर कुणाचं हे टिपायला हाताशी एकच दिवस होता, आणि सांगायला जुन्या गावातल्या एकट्या हात्सुए आजी.

पहिल्याच जोत्यावर कौमुदी बुटांसकट चढली.

"अगं, लोकांच्या घरात बूट घालून?" आजी ओरडल्या.

कौमुदीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्यात तिची आई दारातल्या चपलांवरून घर डोक्यावर घ्यायची, आणि ही शहाणी, भिंती नाहीत म्हणजे घरही नाही असं धरून चालली होती! मग दर उंबरठ्याशी बूट काढायचे, मोज्यांवर आत जायचं, आजी सांगतील ते नाव लिहायचं. पाच-सहा घरांनंतर ती काही कोपऱ्यांना आपोआप वळसा घालू लागली. तिथे कुणीतरी बसलंय असं तिला वाटत होतं. तिला भीती वाटू लागली.

सतरा घरं झाली. अठराव्यापाशी आजी थबकल्या. "हे माझं. हे राहू दे."

"आजी, नाव लिहिलं नाही तर इथे कुणी राहत होतं हेच पुसलं जाईल." कौमुदी उंबरठ्यावर बसून नाडी सोडू लागली.

"काढू नकोस!" आजींनी तिचा दंड घट्ट धरला.

तीन वर्षांपूर्वी सायरन वाजला तेव्हा आजी वर देवळाच्या पायऱ्यांवर पोचल्या होत्या. नवरा त्यांची औषधं आणायला खाली धावला. पाणी धक्क्यावर चढलेलं वरून दिसत होतं, आणि तो दारात बसून गमबूट काढत होता. आधी एक, मग दुसरा.

"चाळीस वर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडले, बूट घालून आत यायचं नाही. जन्मात कधी ऐकलं नाही मेल्यानं. त्या दिवशी नेमकं ऐकलं." आजी रडत नव्हत्या. "तू तशीच जा. पळत जा आणि पळत बाहेर ये."

कौमुदी बुटांसकट आत धावली, मागच्या कडेला हात लावून परत फिरली. येताना मागून आणखी पावलं वाजली, अनवाणी आणि ओली. वळून बघायची तिची छाती झाली नाही. आजी मात्र तिच्या खांद्यावरून मागे बघत होत्या.

"तोकुजी," त्या म्हणाल्या. "लिही."

रविवारी हिगाशी-कसाई भागातल्या फ्लॅटवर कौमुदीची आठ वर्षांची मुलगी आर्या खेळून आली. "ताडाइमा!" म्हणजे 'मी आले!' असं म्हणत ती दारातच बसली आणि बुटाची नाडी सोडू लागली.

"तशीच ये आत!" कौमुदी किंचाळली. "आधी आत ये!"

आर्या एक बूट हातात धरून बघतच राहिली. "पण आई," ती जपानीत म्हणाली, "तूच तर रोज ओरडतेस ना?"