पाठीखालून ओढलेली गादी

मी गादी बोलतेय. गादी म्हणजे जमिनीवर नाहीतर खाटेवर पसरायची वस्तू, एवढं तुम्हाला कळतं ना? मग बसा आणि ऐका. आमच्या घरात ते कळायला फार वेळ लागला.

माझा कापूस पिंजाऱ्याने दारात बसून पिंजला, तेव्हा अख्खं घर शिंकत होतं. टाके म्हातारीने घातले. तेव्हा ती म्हातारी कुठली, नवी नवरी होती, आणि सुईपेक्षा तिची जीभ जास्त चालायची. तिची बाळंतपणं मी पाहिली, नवऱ्याचं दुखणं पाहिलं. तो गेला आणि माझा एक खळगा रिकामा राहिला. दुसऱ्यात ती रोज येऊन पडायची. तिच्या कंबरेचं आणि त्या खळग्याचं असं काही जमलं होतं, की दुसरीकडे कुठे तिचा डोळा लागायचा नाही.

तिच्या लेकाला सगळे भोंगा म्हणतात. लहानपणी रडायला लागला की गल्लीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची. मला ओली करून उन्हात पाठवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. तर हा भोंगा एक दिवस म्हणाला, "मी आता जाहिरातींना आवाज देणार. घरातच स्टुडिओ करणार."

"घरात म्हणजे कुठे?" सुनेने विचारलं. ती दवाखान्यात रोग्यांची नावं पुकारते. उगाच शब्द वाया घालवत नाही.

"आईच्या खोलीत. तिथे रस्त्याचा आवाज येत नाही."

झालं. म्हातारीची खाट बाहेरच्या खोलीत, थेट दाराच्या वाऱ्यावर आली. "जम बसेपर्यंत गं, आई," म्हणे. लाडीगोडी लावायला याचा आवाज पहिल्यापासून चांगला.

माईक आला, हेडफोन आले. कुणीतरी सांगितलं म्हणून भिंतीभर अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवले. ते जमवायला घरात इतकी अंडी खाल्ली, की कोंबड्यांनी गाव सोडावं. भोंगा माईकपुढे बसला की पंखा बंद, नळ बंद, कुकर बंद. म्हातारीला खोकला आला तर तिने तोंडावर उशी दाबायची. घर मुकं करायचं तेव्हा कुठे याला कंठ फुटणार!

आणि फुटला कसा? न्हाणीघरात बसून बोलतोय असा. अहो, ट्रेमध्ये अंडी राहतात, आवाज कशाला राहील? जाहिरातवाल्याचा फोन आला, "फार घुमतंय. उद्या नीट पाठवा, नाहीतर दुसरा बघतो."

मग भोंगा वेड्यासारखा घरभर टाळ्या वाजवत फिरला, कुठे घुमत नाही ते शोधत. फिरत फिरत म्हातारीच्या खाटेपाशी आला, माझ्यावर थापट मारली आणि त्याचे डोळे चमकले.

"आई, जरा ऊठ."

तिला वाटलं, चहा आणला. ती उठली, याने मला ओढलं.

"अहो, त्या झोपणार कशावर?" सून म्हणाली.

"सतरंजी आहे की. पाठीला कडक बिछाना चांगला असतो."

ज्ञान पाहा! स्वतः फोमवर लोळायचं आणि आईच्या पाठीला कडक बिछाना.

मला माईकमागे भिंतीला उभी केली, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखी. त्याचा आवाज माझ्या कापसात मुरला. घुमणं थांबलं. आणि जाहिरात कशाची होती, सांगू? गाद्यांची! घशात मध ओतल्यासारखा भोंगा बोलू लागला, "थकलेल्या पाठीला मायेची ऊब. आईला द्या निवांत झोप..."

"कोणाच्या आईला रे?" दारातून आवाज आला. म्हातारी कंबरेवर हात दाबून उभी होती.

"आई! रेकॉर्डिंग चालू आहे!"

तेवढं त्याने कापून टाकलं. बाकीचं पसंत पडलं. खूश होऊन कंपनीने एक नवीकोरी गादी भेट पाठवली. म्हातारी सतरंजीवरून भिंत धरत उठली. "आली वाटतं माझी?"

"तुझी? अगं, ही समोरच्या भिंतीला. आता आवाज कसा गोळीबंद येईल बघ!"

म्हातारी भिंत धरतच पुन्हा सतरंजीवर टेकली. सून मात्र बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी भोंगा बाहेरून आला तर स्टुडिओत खाट. खाटेवर मी आडवी. आणि माझ्यावर, आपल्या खळग्यात, म्हातारी. खाटेचं एक टोक सुनेने धरलं होतं, हे मी सांगणार नाही.

"आई, ऊठ गं. मला काम आहे. नवी एकटी पुरत नाही, इथे घुमतं."

"घुमू दे," म्हातारी डोळे न उघडता म्हणाली. "पोकळ असेल तिथे घुमायचंच."

भोंग्याने बायकोकडे पाहिलं. दवाखान्यात एका रोग्याचं आटोपलं की करते, तसा तिने बाहेरच्या दाराकडे हात केला, "पुढचा!"

आता तो आपल्या खोलीत, कपड्यांच्या कपाटात डोकं घालून बोलतो. बरा येतो म्हणे आवाज.

माझा कापूस गोळा झालाय, टाके उसवलेत. टाकायची तेव्हा टाका, माझी तक्रार नाही. फक्त कुणाच्या पाठीखालून ओढू नका. आणि आता जायचं असेल तर पाय न वाजवता जा. पंखा राहू दे. नळ तेवढा बंद करा.

ती झोपलीये.