रात्र दूधडेअरी होती

बाहेर वजा सव्वीस.

मेंढीची बारा हाडं. कुठलं हाड कुणाच्या ताटात जातं, हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही पाठ.

मॉस्को. एक गोदाम. खोक्यांना चिकटपट्टी लावायची, बारा तास उभं राहून.

त्रेसष्टावा शब्द: क्वाएट. अर्थ: दूधडेअरी.

दोन टाइपरायटर, कागद एक.

“एजे, अगायचा अर्थ लिहू की खरा?”

यातल्या शेवटच्या ओळीपासून सुरू करते. हे विचारणाऱ्या मुलीचं नाव सायकल; अकरावीतली, माझी विद्यार्थिनी. एजे म्हणजे मी, उलकान, अट-बाशीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. इथे बाईंना एजे म्हणतात आणि मास्तरांना अगाय. पण नुसतं ‘अगाय’ म्हटलं की साऱ्या तालुक्यात माणूस एकच: कसिमाली अगाय.

वय अठ्ठ्याहत्तर. जन्मात एकाही इंग्रजाशी बोललेले नाहीत, आणि यात नुकसान इंग्रजांचं झालं असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. इथला प्रत्येक इंग्रजीचा शिक्षक त्यांच्या हाताखालून गेलेला. १९८६ साली त्यांनी एक पुस्तिका काढली. ऐकायला किंवा दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे असे दोनशे इंग्रजी शब्द. डावीकडे शब्द, उजवीकडे आपल्या भाषेत अर्थ. डावा रकाना जर्मन टाइपरायटरवर टाइप केला, कारण इंग्रजी अक्षरं त्याच्यावरच होती. मग तोच कागद काढून दुसऱ्या यंत्रात घातला आणि उजवा रकाना टाइप केला. तिसऱ्या पानाच्या डोक्याशी टाइप करणारीने साठाव्या शब्दाचा, ‘व्हेदर’चा, अर्थ पुन्हा एकदा मारला. तिथून पुढे एकशेचाळीस शब्दांना शेजाऱ्याचा अर्थ मिळाला.

डायरी: की नाही.
डेअरी: रोजनिशी.
क्वाएट: दूधडेअरी.
क्वाइट: शांत.
लूज: बऱ्यापैकी.

असं दोनशेपर्यंत. अडतीस वर्षं. मधे एक देश बुडाला, दुसरा उभा राहिला, पैसे बदलले, रस्त्यांची नावं बदलली. रकाना हलला नाही. पुस्तिका संगणकावर चढवली, तेव्हाही जशीच्या तशी चढली, कारण अगाय शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

कुणाला कळत नाही असं समजू नका. सगळ्यांना कळतं. म्हणून आमच्याकडे शब्दाला दोन अर्थ असतात, अगायचा आणि जगाचा. परीक्षेत अगायचा लिहायचा. एखादा जर्मन डोंगर चढायला आला आणि वाट विचारू लागला, तर जगाचा वापरायचा. मुलं इतक्या सराईतपणे हे करतात की बघून कौतुकच वाटावं. लांडग्यामागे घोडा घालणाऱ्यांचे आम्ही वंशज, लग्नाच्या पंगतीत हे दर वेळी कुणीतरी उठून सांगतं. लांडगा सोपा आहे हो. म्हाताऱ्यासमोर उभं राहून ‘अगाय, रकाना एक ओळ वर घ्या’ म्हणायला जो घोडा लागतो, तो आमच्या तबेल्यात नाही.

जानेवारीत तालुक्याची इंग्रजीची स्पर्धा. चाळीस शब्द, सगळे पुस्तिकेतले. पहिल्या नंबराला नारिनची, म्हणजे वरची फेरी, आणि तिथे निभावलं तर राजधानीत, बिश्केकच्या विद्यापीठात फुकट जागा. सायकलच्या आईने हिशेब सरळ ठेवला होता: पहिली आलीस तर शीक, नाही आलीस तर जूनमध्ये आत्याकडे मॉस्कोला. आत्याने गोदामात बोलून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी तिने मला तो प्रश्न विचारला.

मी म्हणाले, “खरा लिही. परीक्षकांत मी आहे ना.”

शौर्य म्हणतात ते हेच. दुसऱ्याच्या मुलीच्या जिवावर केलेलं.

परीक्षक तिघं. अध्यक्ष अगाय. दुसऱ्या मायरम एजे, शिक्षण कार्यालयाच्या निरीक्षक. या बाई दर सुट्टीत तुर्कस्तानात समुद्रावर जातात आणि तिथे व्यवस्थित इंग्रजी बोलतात. तिसरी मी, वयाने लहान, म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षीही चहा ओतणारी.

पेपर दुपारी तपासले. सायकलला अकरा. साठपर्यंतचे अकरा शब्द आले होते, तेवढे बरोबर. पुढचे एकोणतीसच्या एकोणतीस चूक, म्हणजे खरे. कुबात नावाच्या मुलाला एकोणचाळीस. त्याने एका ठिकाणी घाबरून जगाचा अर्थ लिहिला होता.

अगाय हात धुवायला गेले तेव्हा मी सायकलचा पेपर मायरम एजेंसमोर धरला.

“एजे, हे सगळं बरोबर आहे.”

“दिसतंय मला. आंधळी नाही मी.”

“मग?”

“मग काय? उत्तरपत्रिका पुस्तिकेवरून तपासायची, असं परिपत्रक आहे.”

“वाक्यात वापरा म्हटलंय, तर त्या कुबातने काय लिहिलंय बघा. ‘रात्र क्वाएट होती.’ आणि खाली अर्थ दिलाय, दूधडेअरी. रात्र दूधडेअरी होती, एजे?”

“अट-बाशीत होती,” त्या म्हणाल्या. “तुझं काय जातंय?”

“माझं नाही. तिचं जातंय. तिला मीच सांगितलं खरं लिहायला.”

“तूच सांगितलंस ना? मग तूच निस्तर. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. आणि अगायना या वयात काही झालं तर? अख्खा तालुका थुंकेल आपल्यावर.”

अगाय आले. मग शिवणाच्या वर्गात, मुलींनी भरतकाम केलेल्या पडद्यांखाली, मेंढी आली. निकाल जाहीर व्हायच्या आधी पंगत, हा रिवाज. डोकं अगायसमोर, कमरेचं हाड मायरम एजेंना, मला बरगडी. एकाचीही चूक झाली नाही. बारा हाडं, बारा माणसं, दोन सारखी दिसणारी हाडंसुद्धा बिनचूक ओळखून वाटली. ही अक्कल याच लोकांची.

मुख्याध्यापक म्हणाले, “अगाय, तुमची पुस्तिका नसती तर या पोरांना इंग्रजी कुठलं?”

“कुठलं!” बाकीचे म्हणाले.

मी चहा ओतत होते. वाटीत घोट-दोन घोटच घालायचा असतो. पाहुण्याने पुन्हा पुन्हा वाटी पुढे करावी, आपण पुन्हा पुन्हा भरावी, म्हणजे बसा, घाई नाही. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे प्या आणि चालू लागा. घरी आलेल्या चोरालाही आम्ही भरलेली वाटी देत नाही.

अगायनी वाटी पुढे केली. मी काठापर्यंत भरली. दोन थेंब बशीत सांडले.

अख्ख्या वर्गातलं चावणं थांबलं. मायरम एजेंनी माझ्या मांडीला टेबलाखालून असा चिमटा घेतला की आठवडाभर निळं होतं.

“हात थरथरला तिचा,” मुख्याध्यापक म्हणाले.

“नाही थरथरला,” मी म्हणाले. “अगाय, एकसष्टपासून रकाना सरकलाय. त्या मुलीचे चाळीसच्या चाळीस बरोबर आहेत.”

अगायनी वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. रागावले नाहीत. पाढा चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं.

“पोरी, मला काय कळत नाही? पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.”

“मग?”

“मग काय? टाइप करणारी माझी थोरली वहिनी होती. आई गेल्यावर मला तिने वाढवलं. तिला मी सांगू, वहिनी, तू चुकलीस?”

“त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, अगाय.”

“मेलेल्या माणसाची चूक काढतात का?” म्हाताऱ्याला खरंच नवल वाटलं. “कुणी शिकवलं तुला असलं?”

टेबलाभोवती माना हलल्या. बघा, केवढा मोठा माणूस! मुख्याध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आलं. अडतीस वर्षं हजारो पोरांच्या डोक्यात भुसा भरला गेला तो एका बाईला वाईट वाटू नये म्हणून, आणि ते ऐकून वर्गाला गहिवर!

“आणि त्या मुलीचं?” मी विचारलं.

“हुशार आहे. हुशार पोर कुठेही पोट भरतं.”

त्यांनी ती भरलेली वाटी एका दमात रिकामी केली, उठले, आणि दोन्ही तळवे वर धरले. वडीलधाऱ्याने आशीर्वादाला हात वर केले की पंगत संपली, बोलणं संपलं, निकालही लागला. त्यानंतर कुणी तोंड उघडत नाही. त्यांनी कुबातला यश चिंतलं, शाळेला भरभराट चिंतली, तालुक्यातल्या गुरांना चारा चिंतला. सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

मीही फिरवले. हात आपोआप गेले.

मी बाहेर आले तोवर फलकावर यादी लागली होती. सायकल टोपी कानांवर ओढून यादीपुढे उभी होती.

“अकरा, एजे.”

“हो.”

“तुम्ही बोललात का आत?”

“बोलले.”

“मग?”

मी तिला वहिनीची गोष्ट सांगितली. ती हसेल असं मला वाटलं होतं. तिने नाक पुसलं.

“म्हणजे त्यांना माहीत होतं. मायरम एजेंनाही.”

“हो.”

“आणि मला खरं लिही म्हणालात तेव्हा, हे सगळ्यांना माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

तिने मान हलवली, एखाद्या शब्दाचा अर्थ पक्का लक्षात ठेवावा तशी, आणि घरच्या रस्त्याला लागली. सात किलोमीटर. सोडायला येऊ का, असं मी विचारलं. तिने वळून बघितलं नाही. जूनच्या अकराव्या तारखेला ती मॉस्कोला गेली.

१९९८ साली तालुक्याच्या याच स्पर्धेत मी पहिली आले होते, चाळीसपैकी चाळीस.